वन्संचे कच्चे टाके

कोणाचं इंग्रजी व्याकरण चुकलं की माझं डोकं फिरतं. एकोणतीस वर्षं शाळेत तेच शिकवलं, आता सवय जाणार कशी? त्यात आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदबाई. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, पण इंग्रजीत तोंड उघडलं की एका वाक्यात तीन चुका.

त्या काम करायच्या ते दुकान बंद पडलं, तेव्हापासून दोन वर्षं आमच्याकडेच आहेत. घरातलं फाटकं-उसवलेलं सगळं शिवून झालं. मग दुपारी दोरा न ओवताच मशीनवर पाय हलवत बसायच्या. अशात एका नाटक कंपनीच्या कपडेपटात शिवणकामाची जागा निघाली. मुलाखत कॉम्प्युटरवर आणि इंग्रजीत, कारण तिथल्या मॅडमना आपली भाषा येत नव्हती. नोकरी किती हवी आहे ते वन्संनी बोलून नाही दाखवलं. कात्रीला धार लावून आणली, तेवढंच.

मी म्हटलं, महिनाभरात तयार करते तुम्हाला.

"माय ब्रदर इज हॅविंग वन वाइफ," वन्संनी सुरुवात केली.

"'हॅज' म्हणा! आणि 'वन' कशाला? भावाच्या बायका मोजायच्यात का?"

"बरं. आय ॲम स्टिचिंग सिन्स ट्वेंटी इयर्स."

"अहो, 'फॉर'! आणि 'आय हॅव बीन'! देवा रे!"

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आम्ही आधी कच्चे टाके घालतो. कपडा अंगावर घालून बघतो, मग पक्की शिलाई. तुम्ही तर मी घातलेला टाका तिथल्या तिथे उसवताय."

"मग काय चुकीचंच शिवणार?" मी फटकारलं.

त्या हसल्या. पण पुढे अर्धं वाक्य बोलायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि गप्प. मला वाटलं, वा, विचार करून बोलायला लागल्या! शहाणीच मी.

मुलाखतीला मी कॉम्प्युटरच्या मागे खुर्ची टाकून बसले. मॅडमनी विचारलं, किती वर्षं हे काम करता?

"आय..." वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "आय हॅव... आय ॲम..." पुन्हा माझ्याकडे. दुसऱ्या प्रश्नाला तेच, तिसऱ्यालाही तेच. पलीकडे कागद आवरल्याचा आवाज आला. वन्संच्या कपाळावर घाम, आणि डोळे माझ्यावरच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं. इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं.

दाराला कान लावला. मग वन्संचा आवाज आला, "मॅडम, वन मिनिट. दॅट कोट बिहाइंड यू. स्लीव्ह इज राँग सिट! ॲक्टर कॅनॉट हँड अप. आय ओपन, आय कट लिटल, देन ही कॅन हँड अप!"

मॅडमनी काहीतरी विचारलं, आणि वन्सं सुटल्याच की हो! 'शी डोन्ट' काय, 'मोर बेटर' काय. माझी जीभ नुसती शिवशिवत होती. ओट्यावरची एकच वाटी मी चार वेळा पुसली. तेवढ्यात मॅडमचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं.

दार धाडकन उघडलं. "सोमवारपासून या म्हणाल्या!" वन्संनी मला मिठीच मारली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी जरा बिचकत विचारलं, "वहिनी, चुका किती झाल्या?"

"मी नाही बाई मोजल्या."

सतरा झाल्या होत्या. पण वन्सं केव्हाच मशीनकडे वळल्या होत्या, दोरा ओवायला.