शून्याची ओढ

कॉलेजात सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिच्याहून मोठी मुलंसुद्धा, कारण तिच्या बॅगेत सुईदोऱ्यापासून जादा पेनापर्यंत सगळं सापडे. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या या ताईला सध्या एकच गोष्ट हवी होती. विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत कॉलेजचा एकच निबंध जाणार होता, तो आपला असावा.

या निबंधातला तिचा जोडीदार तुफान. बोलणं, चालणं, जेवण सगळं एकाच वेगात. दोघांचा विषय साधा होता: जिना चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटं शांत बसवलं, तर त्याचं ब्लडप्रेशर किती उतरतं? साठ माणसं, प्रत्येकाचं प्रेशर दोनदा. उत्तर असं देखणं आलं, की तुफान हवेतच होता. जवळपास प्रत्येकाचं प्रेशर दहाने उतरलं होतं.

वही मॅडमकडे गेली. मॅडम वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलेल्या. त्या रागावत नसत, म्हणूनच त्यांची भीती वाटे. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "पाऱ्याच्या यंत्रावर रेघा किती किती अंतरावर असतात गं?"

"दोन-दोनच्या."

"म्हणजे शेवटचा आकडा शून्य, दोन, चार, सहा, आठ यातला कुठलाही येणार. पाचातून एकदा शून्य. मग एकशेवीस नोंदींत शून्यं किती हवीत?"

"चोवीसच्या आसपास," तुफान म्हणाला. हिशेबातही तो पुढेच.

"मोज."

ताईने मोजली. एकशे अकरा भरली. तिचे कान गरम झाले.

"मॅडम, आम्ही खोटं नाही लिहिलं."

"माहितीय मला. खोटं लिहिणारा एकशे सदतीस लिहितो, खरं वाटावं म्हणून. तुम्ही एकशे छत्तीस पाहिलं आणि जवळचं गोल केलं. त्यात दुसऱ्या वेळी हा माणूस बसून आलाय हे ठाऊक, म्हणून गोल करताना हात खाली वळला. प्रेशर थोडं त्यांचं उतरलं, थोडं तुम्ही उतरवलंत."

बाहेर आल्यावर तुफान म्हणाला, "पंधरा दिवस राहिलेत. परीक्षक काय शून्यं मोजत बसणारेत?"

ताईची आई शिवणकाम करायची. लहानपणी टेप धरून ताई "साधारण छत्तीस" म्हणाली, की आई विचारायची, "साधारण बाई येणारेय का हा ब्लाउज घालायला?"

"पुन्हा घेऊ," ताई म्हणाली.

"तू ना, माझंच प्रेशर वाढवणारेस," तुफान म्हणाला, पण यंत्र त्यानेच उचललं.

या वेळी रेघेवर दिसेल तोच आकडा लिहायचा ठरला आणि प्रयोगशाळेतल्या काकांना बाहेर बसवलं. कुणाला थेट आत सोडायचं आणि कुणाला आधी बसवायचं, हे चिठ्ठी उचलून काका ठरवणार आणि आत चकार शब्द सांगणार नाहीत. काकांना हे गुपित फारच आवडलं. ते घरच्यांनाही काही सांगेनात. दहा दिवसांनी उत्तर आलं: फरक दहाचा नव्हे, जेमतेम चारचा. ताईने दोन्ही वह्या निबंधात घातल्या, आपली चूक आकड्यांसकट लिहिली आणि मोजणाऱ्याला शून्याची ओढ कशी असते, हे मांडलं.

निवडीच्या दिवशी पाच जोड्या होत्या आणि तीन परीक्षक. ताई बोलत असताना तिघेही माना डोलवत होते. मधले परीक्षक, मोठे नावाजलेले सर्जन, म्हणाले, "उत्तम. ही गोल करायची सवय आपल्या पेशाला लागलेली कीड आहे. आमचे डोळे उघडलेत तुम्ही."

संध्याकाळी निकाल लागला. झोप आणि पाठांतर यांवर काम केलेली जोडी पहिली, ताई-तुफान दुसरे.

"घ्या, उघडले डोळे," तुफान म्हणाला.

ताईला रडू येत होतं, पण ती फलकासमोरून हलली नाही. गुणपत्रक तिथेच लावलेलं होतं. पहिल्या जोडीला ऐंशी, ऐंशी, ऐंशी. त्यांना ऐंशी, सत्तर, ऐंशी. खाली साठ, सत्तर, नव्वद, सत्तर, असेच शेवटपर्यंत. शंभरपैकी गुण, एकूण पंधरा आकडे. तिने बोट ठेवून मोजले. पंधराच्या पंधरा शून्यावर संपलेले. परिषद हुकली होती ती दहा गुणांनी, आणि ते दहा खरोखर किती होते, हे ते देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

ती ऑफिसात गेली. क्लार्कबाई पर्स आवरत होत्या.

"तक्रार करायचीय का? अर्ज उद्या मिळेल."

"तक्रार नाही," ताईने डोळे पुसून वही उघडली. "मागच्या दहा वर्षांची गुणपत्रकं आहेत का हो तुमच्याकडे?"

दारात तुफान घड्याळ बघत उभा होता. त्याने सुस्कारा सोडला, आत आला आणि क्लार्कबाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसला.

"शेवटचा आकडा तू वाच," तो म्हणाला, "मी लिहितो. वर्ष मला दिसायला नको."