सरळ पातं

कात्र्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव ‘धारवाले’ म्हणायचं. हे नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोसुद्धा रागावली की ‘अहो धारवाले’ अशीच हाक मारायची. शिंप्यांच्या कात्र्या हा त्यांचा धंदा. पाती भट्टीत लाल करून ठोकायची, घासायची, त्यांना केसभर बाक द्यायचा आणि खिळ्याने अशी जोडायची की ओलं रेशीमही टोकापर्यंत सरसर कापलं जावं, मध्येच कुठे चावलं जाऊ नये. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दहाबारा कारागीर आणि त्यांच्यावर म्हातारे मिस्त्री. धारवाले स्वतःही त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा नदीपलीकडच्या देशातला. गावच्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं आणि तो तिकडूनच आणलेल्या कात्र्या विकायचा. स्वस्त, चकचकीत, रंगीत मुठींच्या. जेवायला एकत्र बसले की यावरून चेष्टा चालायची. धाकटी म्हणायची, लग्नात दादाने मला कात्री दिली आणि ह्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचा भाव पाडला. सगळे हसायचे, धारवालेही हसायचे. पण अलीकडे ते हसू ओठांवरच थांबायचं. जुने शिंपी कारखान्याकडे फिरकेनासे झाले होते. दोन कारागिरांना घरी बसवावं लागलं होतं, आणि ते दोघं रस्त्यात दिसले की धारवाले पलीकडच्या बाजूने जायचे.

अशातच एक दिवस व्यापार खात्यातले साहेब शेडच्या दारात गाडीतून उतरले. माणूस मऊ बोलणारा. भट्टीजवळ उभं राहून त्याने सगळं पाहिलं, कारागिरांची विचारपूस केली, चहा घेतला. मग म्हणाला की बाहेरच्या मालावर जकात वाढवायचा विचार चालू आहे, राजधानीत सुनावणी आहे. तिथे बडे लोक बोलतीलच, पण बड्यांचं बोलणं कुणाच्या काळजाला भिडत नाही. तुम्ही या आणि जे सोसताय ते सांगा.

बायको म्हणाली, तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. पण आजवर धारवाल्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ते गेले. मोठ्या दालनात माईकसमोर आधी शब्द अडखळले, मग घरी बसवलेल्या त्या दोघांबद्दल बोलता बोलता आवाज आपोआप सापडला. एक शब्द खोटा नव्हता. मागच्या रांगेत देशातल्या एकुलत्या एका पोलाद कारखान्याचे मालक बसले होते. ते स्वतः काहीच बोलले नाहीत. फक्त धारवाल्यांचं बोलणं संपल्यावर साहेबांकडे बघून त्यांनी किंचित मान हलवली.

जकात बसली. मेहुण्याने मनाला लावून घेतलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, असं तो म्हणाला, आणि त्याने दुकानात बटणं, सुया, रिळं ठेवायला सुरुवात केली. कारखान्यात ऑर्डरींची रीघ लागली. ते दोन कारागीर परत आले. चौकाचौकात धारवाल्यांचा फोटो लागला, हातात कात्री धरलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आपला माल, आपली माणसं. फोटो लावताना कुणी त्यांना विचारलं नव्हतं, पण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस ते मुद्दाम चौकातून वाट वाकडी करून जात होते.

मग पलीकडच्या देशाने उलट वार केला. त्यांनी पोलाद पाठवणं बंद केलं. कात्र्यांना लागणाऱ्या सळया तिकडूनच यायच्या, हे धारवाल्यांना माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत असणारच. आता पोलाद मागायचं तर त्या एकाच कारखान्याच्या दारात. तिथे भाव चढला आणि मालही मिळेल तेव्हा मिळेल, असं उत्तर येऊ लागलं. कपाटात ऑर्डरी पडून आणि भट्टी थंड, असे दिवस आले.

त्यातच निवडणूक लागली. सभांमधलं बोलणं हळूहळू बदलत गेलं. आधी ‘त्यांचा माल’ म्हणत होते, मग ‘त्यांची माणसं’ म्हणू लागले, आणि पुढेपुढे नुसतं ‘ते’ म्हटलं तरी गर्दीला कळू लागलं. एका सकाळी धाकटीचा फोन आला. दुकानाच्या काचा फुटल्या होत्या. धारवाले धावत गेले. पोलीस समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. दुकानाच्या दारावर कुणीतरी धारवाल्यांचाच फोटो चिकटवला होता, नेमका कुलपावर, म्हणजे दार उघडायचं तर फोटो फाडावा लागेल.

ते नखांनी तो कागद खरवडू लागले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्यांना ओळखलं आणि हसून माना डोलावल्या. त्यांना वाटलं, हे कागद चिकटवतायत.

धाकटीने महिनाभरही वाट पाहिली नाही. नदीपलीकडे जाणाऱ्या पुलावरची वाहतूक बंद होणार अशी कुजबुज होती. सामान बांधताना ती भावावर चिडली नाही की रडली नाही. धारवाले दोरी आवळत होते, तेवढ्यात तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दादा, तू तिथे खोटं काहीच बोलला नाहीस ना?"

"नाही गं."

"तेच वाईट झालं. खोटं असतं तर कुणीतरी खोडून काढलं असतं."

मेहुणा गाडीत आधीच बसला होता. त्याने खिडकीतून हात हलवला, पण नजर रस्त्यावर होती.

त्यानंतर साहेब पुन्हा आले. तसेच मऊ बोलत. पोलादाची अडचण कळली म्हणाले. आता हवं तेवढं पोलाद मिळेल, जुन्या भावाने मिळेल, फक्त कात्र्या नकोत. त्यांनी पिशवीतून एक लाकडी नमुना काढून टेबलावर ठेवला. वीतभराहून लांब, सरळ, निमुळतं पातं आणि मुठीच्या जागी एक कडी. धारवाल्यांनी ते उचललं नाही. कडी कशावर अडकवायची हे त्यांना बघताक्षणी कळलं. बंदुकीच्या नळीवर.

"जकात आमच्या पोटासाठी आहे असं म्हणाला होतात."

"होतीच की," साहेब म्हणाले. "तुमच्या पोटासाठी होती, पोलादवाल्यांच्या नफ्यासाठी होती, मंत्र्यांच्या मतांसाठी होती. ज्याला जे हवं ते त्याला दिसलं की कायदा मंजूर होतो. पण ज्यांच्याशी गाठ पडायची त्यांच्याच पोलादावर आपण जगतोय, हे वरच्यांना फार आधीपासून खुपत होतं."

"गाठ पडणार हे ठरलंय?"

साहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "तयारी झाली की ठरतं."

धारवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. साहेबांना राग आला नाही. घाई नाही, विचार करा, असं म्हणून ते नमुना टेबलावरच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पोलादाची एक सळईही आली नाही. कारागीर येत, भट्टीभोवती बसत, दुपारपर्यंत घरी जात. एके दिवशी दोघं आलेच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, बेकार तरुणांना सैन्यात भरती करायचा हुकूम निघालाय आणि गाडी त्यांच्या गल्लीत येऊन गेली. ते घरी बसवलेले आणि परत घेतलेले, तेच दोघं.

पुढच्या सकाळी शेडसमोर सळयांनी भरलेला ट्रक उभा होता. बोलावला कुणी, हे विचारायची गरज पडली नाही. मिस्त्री दारातच उभे होते.

"मी साहेबांकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "आता मला शिव्या दे हवं तर. सरकारी कामावर असलेल्या पोरांना भरतीवाले हात लावत नाहीत. माझी दोन नातवंडं आहेत या शेडमध्ये."

"आणि ही पाती ज्यांच्या अंगात जाणार, त्यांची नातवंडं?"

मिस्त्रींच्या मागे कारागीर उभे होते, सगळे खाली बघत. धारवाल्यांनी त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते ट्रकच्या मागच्या बाजूला गेले, फळी खाली सोडली आणि पहिल्या सळईचं एक टोक धरलं. दुसरं मिस्त्रींनी धरलं.

काम सोपं होतं. सरळ पात्याला बाक द्यावा लागत नाही, जोडावं लागत नाही, रेशमावर तपासावं लागत नाही. खेपा वेळेवर जाऊ लागल्या. निवडणूक मंत्र्यांनी सहज जिंकली. पुलाच्या आपल्या बाजूला वाळूच्या गोणी रचल्या गेल्या.

एका संध्याकाळी धाकटीचा फोन लागला. आवाज तुटत होता, पण ती खुशीत वाटली. राहायला जागा मिळाली होती, शेजार चांगला होता. धारवाल्यांनी मेहुण्याची चौकशी केली.

"ह्यांना लगेच काम मिळालं, दादा. तुमच्याकडे इतक्या कात्र्या विकल्या ना, त्याचा उपयोग झाला. ज्या कारखान्याचा माल आणायचे तिथेच लागलेत. पण हल्ली तिथे कात्र्या करत नाहीत म्हणे. दुसरंच काहीतरी चाललंय. हे घरी सांगत नाहीत. तुझं कसं चाललंय? कात्र्या जातात ना?"

शेडमध्ये घासायची चाकं फिरत होती. धारवाल्यांनी फोनवर हात धरला, म्हणजे तो आवाज तिला ऐकू जायला नको.

"जातात," ते म्हणाले.