वर्तकनगरची रडणारी आई

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीतल्या बागेत त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दगडी आई रडत होती.

ही मूर्ती आमच्याच वसाहतीतल्या जोसेफिनने घडवलेली. मातृका आणि मेरी दोघींना मनात धरून कोरलेली आई, कडेवर मूल. चेहऱ्याला नाक-ओठ नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खाचा. इतकी वर्षं मुलं तिच्या खांद्याला दप्तरं अडकवून खेळायची. आता त्या खाचांतून थेंब ओघळत होते आणि टिटवाळ्याहून आलेला महिपत महाराज ते बाटल्यांत भरून वाटत होता. मुतखडा, रक्तदाब, अडलेलं लग्न, सगळ्यांवर हेच पाणी. अट एकच: गोळ्या चालू ठेवल्या तर आई रुसते.

मी डॉक्टर आहे. आमच्याच वसाहतीतल्या रसिकाची मुलगी सान्वी माझ्याकडेच यायची, फिट्सच्या औषधासाठी. रसिकाने गोळ्या बंद केल्याचं कळल्यावर मी घरी जाऊन समजावलं. तिने शांतपणे विचारलं, की इतक्या गोळ्या खाऊन तरी कुठे बरी झाली? शुक्रवारी सान्वीला शाळेत फिट आली, ती थांबेचना. तिला आयसीयूत ठेवलं.

हॉस्पिटलातून मी तडक जोसेफिनकडे गेले. 'ख्रिस्ती बाईचा हात लागला तर कोप होईल,' असं महाराजाने पसरवल्यापासून ती बागेत फिरकली नव्हती. माझं ऐकून ती म्हणाली, "डोळे मी आरपार कोरलेच नव्हते गं. पाणी येईल कुठून?"

आम्ही गेलो तेव्हा आरती चालली होती. रांगेत रसिका उभी होती, लेकीसाठी अजून एक बाटली न्यायला. महाराज जोसेफिनला अडवू लागला, तसं रसिकाने त्याचा हात बाजूला केला.

"बघू दे तिला."

जोसेफिनने हार उतरवले. मूर्तीच्या डोक्यामागे दगडाच्या रंगाची लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरलेली होती. किल्लीने खरवडल्यावर ड्रिलने पाडलेला नवा खळगा दिसला. आत ओला स्पंज आणि तिथून डोळ्यांपर्यंत दोन बारीक भोकं. अभिषेकाचं पाणी लांबीत ठेवलेल्या, हारांखाली झाकलेल्या छिद्रातून आत शिरायचं, स्पंजात मुरायचं आणि सावकाश डोळ्यांतून झिरपायचं.

रसिकाने स्वतः बोट घालून स्पंज दाबला. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुन्हा दाबला, पुन्हा आलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "गोळ्या परत सुरू केल्या तर चालतील ना, डॉक्टर?"

महिपतला लोकांनीच पोलिसांच्या हवाली केलं. सान्वी घरी आली, पण बोलताना अजून शब्दाला अडते. जोसेफिनने खळगा बुजवला; जोड दिसतो.

आजही काही जण मूर्तीला हात जोडतात. माझी ना नाही. फक्त चमत्कार दिसला तर एकदा मागे जाऊन बघा. आणि औषध बंद करा असं कुणी देवाच्या नावाने सांगितलं, तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. मूल आपलं आहे.