सापडलं का कुणाला?

रफूच्या त्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की बाबा तो टेबलावर पसरायचे, दिवा पुढे ओढायचे, हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, "शोधा बघू." गिऱ्हाईक वाकून वाकून शोधायचं. स्वतःच्याच कोटावरचं भोक त्याला सापडायचं नाही. मग ते हसायचं, बाबा मुळीच हसायचे नाहीत, आणि कोट कागदात बांधला जायचा. एखाद्याला सापडलंच, तर बाबा हूं की चूं न करता कपडा परत घ्यायचे, भरलेले सगळे धागे उसवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचे.

गिऱ्हाइकाच्या आधी परीक्षा असायची ती चिमटीची. ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी दोन बोटांच्या चिमटीत सुटे धागे धरून द्यायची म्हणून हे नाव पडलं, आणि केसांत पांढरं डोकवायला लागलं तरी ते सुटलं नाही. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आत बाबा कपडा पुढे करायचे. ती डोळे मिटून बोटं फिरवायची, कारण डोळे फसतात, बोटं फसत नाहीत, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. "सापडलं!" असं ती ओरडली की बाबा उसवायला घ्यायचे. तिच्यावर ते कधी चिडले नाहीत. उलट त्या दिवशी तिला खाऊ जास्त मिळायचा.

पुढे लोक फाटका कपडा फेकून नवा घ्यायला लागले. दुकानात माशा मारत बसावं म्हटलं तर माशासुद्धा येईनात. त्यातच आई गेली. बाबा सकाळी यायचे, रिळांवरची धूळ पुसायचे आणि संध्याकाळी शटर ओढायचे, एवढाच काय तो धंदा. माणूस डोळ्यांदेखत विरत चाललं होतं. ते बघवेना म्हणून चिमटीने इंटरनेटवर दुकानाचं पेज काढलं.

सुरुवातीला तिने सगळे करतात तेच केलं. पाटीचा फोटो, सुयांचा फोटो, "आमच्याकडे उत्तम रफू करून मिळेल." नातेवाइकांनी भिडेखातर अंगठे दिले आणि बाकीच्या जगाने अंगठा दाखवला. मग एका दुपारी तिला दुकानाचा नियम आठवला. तिने रफू केलेल्या एका निळ्या बाहीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "इथे बोट जाईल एवढं भोक होतं. शोधा बघू."

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कोणी फोटो मोठा करून बघे, कोणी बाण काढून पाठवे, नवराबायकोची त्यावरून जुंपे. सापडत मात्र कुणालाच नसे. लांबलांबून पार्सलं यायला लागली. कुणाचा कसर लागलेला कोट, कुणाची खिळ्याला अडकून फाटलेली शाल. शेजारचे लाँड्रीवाले काका दारात उभे राहून म्हणायचे, "अहो, तुम्ही आता स्टार झालात. उद्या आम्हाला ओळख दाखवाल ना?"

"मला काय करायचंय त्या फोनशी," बाबा म्हणायचे. पण शटर ओढताना रोज विचारायचे, "सापडलं का कुणाला?"

"नाही बाबा."

"पुष्कळ जणांनी शोधलं?"

"पुष्कळ जणांनी."

मग बाबा शीळ घालत कुलूप लावायचे. आई गेल्यापासून ती शीळ बंद झाली होती. त्या शिळेसाठी चिमटी काय वाटेल ते करायला तयार होती, आणि पुढे तिने ते केलंच.

फोटोंच्या जोडीला ती व्हिडिओही टाकायची. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढायचा, तो बारीक सुईत ओवायचा, एक उभा धागा वर, एक खाली, असं करत भोक विणून काढायचं. बघणाऱ्याचे डोळे निवत. मधूनच सुईचा नेम चुकायचा, ओवायला वेळ लागायचा, अंगठा उगाच हलत राहायचा. व्हिडिओ सुबक दिसावा म्हणून चिमटी तेवढा भाग कापून टाकायची. आधी थोडाच कापावा लागे. मग जास्त लागायला लागला. कापताना तिचं लक्ष व्हिडिओच्या लांबीकडे असायचं. हाताकडे तिने बघितलंच नाही.

एक दिवस कुणीतरी लिहिलं, "खिशाच्या वर, डावीकडे. दिसतंय." चिमटीने फोटो मोठा करून पाहिला. खरंच दिसत होतं. पाण्यावर पडलेल्या सुरकुतीसारखी एक बारीक वाकडी ओळ.

"सापडलं का कुणाला?" संध्याकाळी बाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

शीळ वाजली. चिमटीने ती कमेंट काढून टाकली.

एकदा केलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही. ती फोटो काढताना दिवा मागे सरकवायला शिकली, कपड्याला सोयीस्कर घडी घालायला शिकली. तरीही लोकांना सापडायचं, आणि ती काढून टाकायची. बाबांनी कपड्याची रफू करावी आणि तिने बाबांची, असं ते चाललं होतं. एका बाईने लिहिलं, "तुमच्या वडिलांचा अंगठा बघा. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. राग मानू नका, पण डॉक्टरांना दाखवा." चिमटीने राग मानला. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं पुटपुटत तिने त्या बाईला ब्लॉक केलं.

शेवटी लाँड्रीवाल्या काकांनीच तिला बाजूला घेतलं. हसणारा माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. "पोरी, परवा मी माझा राखाडी कोट टाकलाय तुमच्याकडे. तो झाला नाही तरी चालेल. पण चहा पिताना त्यांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती वाजत होती. दाखवून आण त्यांना."

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी बाबांना बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, दारापर्यंत चालवून आणलं. रेघ जसजशी पुढे गेली तसतशी बारीक आणि थरथरती होत गेली.

"हे केव्हापासून आहे?"

"वयाचं असतं हो थोडंफार," बाबा म्हणाले. "मध्ये मलाही शंका आली होती. पण कामात काडीचा फरक नाही. एवढी माणसं माझं काम भिंग लावून बघतात, अजून एकालाही सापडलेलं नाही. विचारा हिला."

डॉक्टरीणबाईंनी चिमटीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं, अगदी अभिमानाने. चिमटीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने मान खाली घातली, आणि बाबांना वाटलं की ती हो म्हणाली.

औषधाने आराम पडेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजार जाणार नाही, पण चालणंफिरणं, खाणंपिणं पुष्कळ सोपं होईल. सुईच्या कामाचं मात्र वचन देता येत नाही. "आधी आला असतात तर इतके दिवस हाताशी झगडावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि ते बोलणं साधं होतं, दोष देणारं नव्हतं. चिमटीला ते म्हणूनच जास्त लागलं.

घरी न जाता बाबा दुकानात आले. लाँड्रीवाल्यांचा राखाडी कोट त्यांनी आदल्या दिवशीच पुरा केला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला, दिवा पुढे ओढला, हाताची घडी घातली. घडीतसुद्धा अंगठा हलत होता.

"शोध बघू."

"बाबा, आता राहू दे ना."

"शोध."

तिला डोळे मिटावेच लागले नाहीत. कोपरापाशी धागे एकमेकांवर चढले होते, कापड चुणलं होतं, लांबून कुणालाही दिसलं असतं. तरी तिने डोळे मिटले. बोटं फिरवत राहिली, त्या जागेवरून पुढे गेली, परत आली. तिला रडू आवरेना. मग तिने बोट तिथे टेकवलं.

"सापडलं," ती म्हणाली.

बाबांनी त्या बोटाकडे पाहिलं. "बाकीच्यांनाही सापडत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"खूप दिवस झाले, बाबा."

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "तेव्हाच सांगायचंस गं. मी उसवून परत केलं असतं. तेव्हा येत होतं मला."

लोकांचे कपडे आता घरोघरी गेले होते, सांधा दिसणारे, आणि बिचाऱ्यांनी तक्रारही केली नव्हती. बाबांनी आयुष्यात कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं, असं ते सगळं काम न उसवता तसंच राहून गेलं होतं, आणि ते निस्तरणारा हात आता नव्हता. चिमटी तिथेच, कोटावर डोकं ठेवून, लहान मुलीसारखी रडली. बाबांनी तिला रडू दिलं.

मग त्यांनी कात्री तिच्याकडे सरकवली. "उसव."

तिने उसवलं. त्यांनी सांगितलं तसा आतल्या शिवणीतून धागा काढला, सुईत ओवला, एक वर, एक खाली, आणि इतकी वर्षं बघूनही हाताला काहीच माहीत नाही हे तिला पहिल्याच ओळीत कळलं. फोन पिशवीतच होता. बाबा मधूनमधून म्हणत, "ओढू नकोस. कापडाला श्वास घेऊ दे." खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तेव्हा तिने शेवटचा धागा कापला आणि कोट त्यांच्यापुढे पसरला.

"शोधा बघू," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. थरथरता हात कोपरावरून एकदाच फिरला आणि थांबला.

"सापडलं," ते म्हणाले. "उसव."

तिने कात्री उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून बसली.