एकाच चालीची गाडी

गाडी ठसकली की बाबा आधी शेजारच्या सीटकडे बघायचे. बायको जागी झाली की काय, म्हणून. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं, सीट रिकामी होती, तरी मान वळायचीच. मानेला कोण समजावणार!

हे ठसकणं मात्र अलीकडचं. जुनी पेट्रोलची गाडी, आवाज मऊ. छान चालता चालता मध्येच क्षणभर अडायची, पुढचा शब्द आठवेनासा झाल्यासारखी, आणि पुन्हा मार्गी लागायची. कधी दुपारभरात एकदाही नाही, तर कधी नदीकाठच्या रस्त्यावर घडीघडीला. आणि गंमत अशी, की अडायची ती फक्त बाबांच्या हातात. जावयानं चालवली, काही नाही. लेकीनं चालवली, काही नाही.

झालं! खापर फोडायला डोकं सापडलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," लेक आधी हसत म्हणाली. मग हसू मावळलं. "बाबा, गाडीला काही झालेलं नाहीये. तुमचा पाय थरथरतो. शनिवारी मिस्त्रीकडे न्या परत. त्याला दोष सापडला तर ठीक. नाही सापडला, तर रविवारी मी येऊन किल्ली घेऊन जाणार. आई गेली. आता तुम्हालाही काही झालं, तर मी काय करू?"

शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला, त्यामुळे बाबांना धड रागावताही येईना. उलट रात्री अंथरुणावर पडून ते स्वतःच्याच पायाकडे संशयानं बघत राहिले.

खरं सांगायचं तर गाडीनं त्यांना कुठं जायचंच नव्हतं. भाजी, औषधं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांना हवी होती ती जेवणानंतरची एक फेरी. बायकोला गाडी लागायची. जोरात हाकली की मळमळायचं, हळू केली की जाग यायची. या दोन्हींच्या मधे एक चाल होती आणि ती बाबांच्या पायाला सापडली होती. त्या चालीवर ती दुसऱ्या वळणापर्यंत गाढ झोपायची. डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, चष्मा मांडीवर. पानांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावरून वाहत जायच्या, पाणी चमकायचं, पलीकडच्या काठावरची घरं संथपणे मागं सरायची. आपण चाललोय की जग चाललंय, बाबांना कळायचं नाही. घर आलं तरी ते थांबायचे नाहीत, कारण थांबलं की ती उठायची. मग आणखी एक फेरी. आणखी एक.

"किती वेळ झोपले हो मी?"

"आत्ता तर डोळा लागला तुझा."

धादांत खोटं!

अजूनही गाडी त्या चालीवर आली की शेजारून तिचा श्वास ऐकू यायचा. किल्ली गेली, तर ती दुसऱ्यांदा जाणार होती. पण हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? पायाबरोबर डोकंही गेलं, म्हणाली असती.

शनिवारी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. प्लग त्यानं आधीच बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, पेट्रोलचा फिल्टरही बदलून झाला होता. पुन्हा एकदा तो गाडी बाहेर काढून चक्कर मारून आला, आणि ती कशी, तर रस्ता सासऱ्यानं आंदण दिल्यासारखी! आला आणि चिंधीला हात पुसत उभा राहिला.

"हात टेकले, बाबा. ताकास तूर लागू देत नाही ही म्हातारी."

आता मात्र बाबांचा पारा चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही सगळे! माझ्या हातात बिघडते ना? मग दर वेळी मलाच खाली उतरवून काय तपासता? आज मी चालवतो. तू शेजारी बस, आणि गप्प बस."

मिस्त्री बसला. खरंच की, हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं.

नदीकाठचा रस्ता आला. बाबांच्या पायाला ती चाल सापडली. ऊन, सावली, ऊन, सावली. मिस्त्रीसारखा मिस्त्री, पण त्यालाही जांभई आली. तेवढ्यात गाडी ठसकली. त्यानं दचकून खाली बघितलं. पुढं पुन्हा ठसकली.

"बाबा, पाय हलवू नका."

"हलवतोय कोण?"

तिसऱ्यांदा ठसकली, तेव्हा मिस्त्रीचे डोळे बाबांच्या बुटावरच खिळलेले होते. "अहो, पाय दगडासारखा आहे तुमचा!"

हे एक वाक्य ऐकायला किती दिवस झुरले होते बाबा!

"रेस नेहमी एवढीच ठेवता?"

"नेहमी."

"का पण?"

"ती झोपायची."

आपण कुणाच्या जागेवर बसलोय हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं. तो जरा सावरून बसला.

गॅरेजमधे त्यानं इंजिनाजवळची एक काळी डबी काढली. पाय किती दाबलाय, हे इंजिनाला सांगायचं तिचं काम. तिला मीटर जोडून त्यानं आतला दांडा बोटानं अगदी सावकाश फिरवला. मीटरचा काटा चढत गेला, चढत गेला, एका जागी धपकन पडला आणि पुन्हा चढला. मिस्त्रीनं झाकण उचकटलं. आत एक काळी पट्टी होती, आणि एकाच ठिकाणी घासून ती पांढुरकी पडली होती.

"ही बघा तुमची चाल. इथं पट्टीच उरली नाही, म्हणून इंजिनाला वाटतं पाय उचलला. आम्ही सगळे या जागेवरून भुर्रकन पुढं जायचो, बाबा. मुक्काम करणारे तुम्ही एकटेच."

बाबांनी त्या जागेवर नख ठेवलं. त्यांच्या आणि तिच्या सगळ्या दुपारी तेवढ्याशा जागेत होत्या. नवी डबी बसली, तेव्हा जुनी त्यांनी मागून घेतली आणि खिशात टाकली.

रविवारी लेक आली ती हात पुढं करूनच. "सापडला म्हणे दोष. मिस्त्री काय, तुमचाच माणूस. मला नाही पटत."

"बस. एक फेरी मारू. मग वाटलं तर घे किल्ली."

ती बसली आणि दारावरचा दांडा घट्ट पकडला, जणू दरीतच उतरायचंय! नदीकाठ आला. गाडी एकदाही अडली नाही. मान वळवायला निमित्तच उरलं नाही, याचं बाबांना बरंही वाटलं आणि जरा वाईटही. लेक घरातलं काहीबाही सांगत होती, पोरांच्या शाळेचं, गळक्या नळाचं. मग वाक्यं लांबली. मग नुसतंच "आणि..." झालं आणि पुढं काही आलंच नाही.

बाबांनी मान वळवली. दांड्यावरचा हात कधीच खाली आला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, पर्स मांडीवर. सावल्या तिच्या चेहऱ्यावरून वाहत होत्या.

समोर घर आलं. बाबांनी पाय होता तिथंच ठेवला आणि गाडी फाटकावरून पुढं नेली.