चिमटीतलं पोट

रोज सकाळी चहाच्या आधी मालनबाई पदर बाजूला करून पलंगाच्या कडेला टेकत आणि हिंमतराव त्यांच्या पोटाची चिमूट धरून इन्सुलिनची सुई टोचत. सगळी नोकरी कारखान्यात मापं घेण्यात गेलेली, त्यामुळे बायकोचं पोटही त्यांना तोंडपाठ होतं. बेंबीच्या डावीकडे एक टणक फुगवटा होता, वर्षानुवर्षं तिथंच टोचून टोचून झालेला. तिथं बाईंना दुखत नसे, म्हणून ती जागा कायमची ठरलेली. बाकीचं पोट कापूस ठासून भरलेल्या गादीसारखं घट्ट.

त्या दिवशी चुकून त्यांचा हात उजवीकडे गेला. गादी गायब! बोटांत आलं ते काहीतरी लिबलिबीत, सैल, धरता धरता निसटणारं.

"अगं, हे काय झालंय?"

"काहून? काय झालं?" बाईंचं माहेर अकोल्याचं. विश्रांतवाडीत जन्म गेला तरी घाबरल्या की अकोला बाहेर यायचं.

"पोट कुठं गेलं तुझं?"

"तुम्हालाच नको होतं ना ते?"

हे मात्र खरं होतं. बायकोच्या जाडीवर बोलणं हा हिंमतरावांचा जुना छंद. पाहुण्यांसमोर, दुकानात, रिक्षावाल्यादेखत, कुठंही. लोक हसत, बाईही हसत, आणि आपण फार विनोदी आहोत असं या गृहस्थांना वाटत राही. मग मुलाच्या, आनंदच्या, खराडीतल्या कंपनीत वजन कमी करायची स्पर्धा निघाली. घरच्यांनाही भाग घेता येत होता. आनंदनं आईचं नाव घातलं. कंपनीच्या जिममधल्या तेजसनं आहार ठरवून दिला: भात बंद, सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी नुसतं सूप. दोन महिन्यांत बाईंचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले.

पण पोट असं पिचपिचीत? काही आतून सडतंय की काय? हिंमतरावांनी घाबरून तेजसला फोन लावला.

"काका, रिलॅक्स! फॅट आधी सॉफ्ट होतं, मग जातं. ही तर बेस्ट साइन आहे!"

हिंमतरावांचा जीव भांड्यात पडला. इतका, की दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन एक सुधारणा केली. एवढी मऊ जागा असताना त्या टणक गाठीत सुई कशाला खुपसायची? त्यांनी उजवीकडे चिमूट धरली. डोस तोच, नेहमीचा. डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. सुई लोण्यात जावी तशी आत गेली.

"दुखलं?"

"कळलंसुद्धा नाही हो."

स्वतःवर बेहद्द खूश होऊन ते पेपर वाचत बसले. बाईंनी अर्धी भाकरी खाल्ली आणि त्या कामाला लागल्या. मग स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला.

"आज भांड्यांवर राग का?" हिंमतरावांनी पेपरातूनच विचारलं. उत्तर आलं नाही. ते कुरकुरत उठले आणि दारातच थिजले. मालनबाई ओट्याला टेकून फरशीवर बसल्या होत्या. घामानं चिंब, हात थरथरताहेत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"आनंद झोपलाय," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "कोण पाहिजे तुम्हाला?"

हिंमतरावांनी फोडलेल्या आरोळीनं रात्रपाळी करून झोपलेला आनंद धावत आला. त्याला तेवढं भान होतं. त्यानं साखरपाणी केलं, घोट घोट आईला पाजलं आणि तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला.

बाई शुद्धीवर येऊन ओळख पटायला लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी बापलेकांना फैलावर घेतलं. "एवढं वजन उतरलं, जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन तेवढंच? मला विचारायचं नाही? आणि काका, त्या टणक जागेत औषध नीट लागतच नव्हतं. आज मऊ जागी टोचलंत, सगळं एकदम लागलं. साखर पार तळाला गेली. उशीर झाला असता तर गेल्या असत्या त्या."

हिंमतराव स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. या बोटांनी?

"आधी कधी हात थरथरणं, अंधारी येणं असं झालं होतं?"

"छे! मला बोलली असती की," हिंमतराव म्हणाले.

"होत होतं," पलंगावरून मालनबाई म्हणाल्या. "बरेच दिवस."

"आई! मग सांगितलं का नाहीस?" आनंद जवळजवळ ओरडलाच.

बाई मुलाशी बोलल्या, नवऱ्याकडे न बघता. "सांगितलं असतं तर तू ते डाएट बंद केलं असतंस. मागच्या महिन्यात तुझ्या ऑफिसात फोटो काढला ना, तेव्हा यांनी मला शेजारी उभं केलं. एरवी म्हणायचे, तू मागं हो, नाहीतर आम्ही कुणी मावणार नाही."

आपली बायको मरणाच्या दारात जाऊन आली, आणि तिथवर तिला आपण नेलं होतं, फार आधीपासून, हसत हसत. हे इतक्या उशिरा कळावं याचीच हिंमतरावांना भयंकर लाज वाटली.

नर्स नवा, कमी केलेला डोस समजावायला आली. "काका, चिमूट कशी धरता ते दाखवा बरं."

हिंमतरावांनी हात पुढं केला. पोट मऊ होतं, ऊबदार होतं. चिमूट काही धरवेना. तळवा तसाच ठेवून ते सगळ्यांदेखत हमसून रडायला लागले. "मी मारलं असतं गं तुला, मालन. मारलंच असतं."

"हळू बोला, लोक बघताहेत," मालनबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला. "मेले नाही ना? मग आता मला भाकरी आणा. अर्धी नको."