बावीस पावलं

आमच्या लॅबर्नम रोडवर जानेवारीच्या शेवटी रंगाच्या खुणा उमटल्या. एक माणूस हातात यंत्र धरून फूटपाथवरून सावकाश चालत गेला आणि जाता जाता डांबरावर रेघा मारत गेला. पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची. अलका खिडकीत उभी राहून बराच वेळ बघत होती.

"ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावर अशाच खुणा करतात," ती म्हणाली. "भलताच पाय कापला जाऊ नये म्हणून."

मला हसू आलं. त्या दिवशी ती छान होती.

अलका चौतीस वर्षं इथे इंग्लंडातल्या इस्पितळांत म्हाताऱ्यांच्या वॉर्डची डॉक्टर होती. ती आली त्या काळी आपल्याकडच्या डॉक्टरांना तो वॉर्ड चटकन मिळे, कारण इतरांना तो नको असे. मी तिच्या मागोमाग आलो आणि एका लायब्ररीत पुस्तकांच्या याद्या करत निवृत्त झालो. तीन वर्षांपूर्वी आपण विसरतो आहोत हे आधी तिच्याच लक्षात आलं. तपासण्या कोणत्या करायच्या तेही तिनेच सांगितलं. निदान ऐकून आम्ही कार पार्कमध्ये येऊन बसलो, तेव्हा तिने माझ्याकडून वचन घेतलं, की वरदाखेरीज कुणालाही सांगायचं नाही. वरदा आमची मुलगी, इथेच वाढलेली, मँचेस्टरला असते.

"एकदा कळलं ना, की लोक माझ्याशी बोलायचे थांबतील आणि तुमच्याशी बोलायला लागतील," ती म्हणाली. "मी समोर बसलेली असताना. अहो, मी स्वतः केलंय तसं. रोज करायची."

मी वचन दिलं. ते पाळणं मला सोपं जाईल असं तेव्हा वाटलं होतं, कारण न बोलणं मला जन्मापासून जमतं.

एव्हाना तिला एकटीने जाता येईल अशी एकच वाट उरली होती. साडेदहाला कोट घालायचा, फाटकातून उजवीकडे, लाल पोस्टाच्या पेटीपर्यंत, तिथल्या झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे, केस कापायच्या दुकानावरून पार्कमध्ये. तळ्यासमोरच्या बाकावर थोडं बसायचं आणि सव्वाअकराला घरी. मेमरी क्लिनिकमधल्या नर्सने बजावलं होतं की नवं शिकणं अवघड जाईल, पण सवयीचं पुष्कळ दिवस टिकेल, तेव्हा तिची वाट बदलू नका.

आणि मग वाट बदलणार असल्याचं पत्र आलं. चौदा आठवडे गॅसच्या जुन्या लोखंडी नळ्या काढून नव्या घालणार, त्यानंतर सहा आठवडे पाण्याचं काम, शेवटी सगळा रस्ता नव्याने डांबरणार. रस्ता तीनदा खणायला लागू नये म्हणून तिन्ही कामं एकापाठोपाठ लावली होती. त्यात काही गैर होतं असं मी म्हणणार नाही. सोबत नकाशा होता. त्यात आमचं झेब्रा क्रॉसिंग बंद दाखवलं होतं आणि पेटीच्या पुढे एक तात्पुरतं क्रॉसिंग.

कम्युनिटी सेंटरमध्ये एका दुपारी कंत्राटदाराची माणसं लोकांच्या शंका ऐकायला बसली होती, तिथे मी गेलो. डेनिस नावाच्या बाईंनी मला फॉर्म दिला. नाव, पत्ता, गाडी कुठे लावता, आणि शेवटी एक प्रश्न: घरात कुणाला वयामुळे किंवा आजारामुळे विशेष मदत लागते का? 'हो'वर खूण केलीत तर काहीही बदललं की त्याच सकाळी आम्ही फोन करू, असं त्यांनी समजावलं. बदल होतातच, म्हणाल्या, जमिनीखाली काय निघेल ते कुणाला माहीत.

मी पेन 'हो'पाशी नेलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय श्रीकांतराव, पेपर सोपा आहे ना?"

नंदा होती. आमच्यापासून चौथ्या घरात राहते. मनाने चांगली आहे, मंडळाच्या गणपतीत दीडशे माणसांचे मोदक एकटी बघते. पण तिला दुपारी कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत आमच्या वॉटफर्डहून पार हॅरोला पोचलेली असते. ती माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचत होती. वाचता वाचता म्हणाली की अलकाताई संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही दिसल्या नाहीत, आम्ही काय डॉक्टरांच्या तोलाचे नाही की काय. मी हसून काहीतरी पुटपुटलो आणि 'नाही'वर खूण केली. डेनिसबाईंनी फॉर्म घेतला. पुढे काही आठवलं तर या नंबरवर कळवा म्हणून एक कार्डही दिलं.

ते कार्ड मी वाचत होतो त्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. रोज रात्री ते पान उघडे. फोनवर काय बोलायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत असे, आणि प्रत्येक वाक्यात अलकाचं नाव आलं की ते मोडत असे. वरदाने दोनदा विचारलं, "बाबा, तुम्ही त्या लोकांना फोन केली का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, उद्या करतो. अखेर ती म्हणाली, मी करू का? मी नको म्हटलं. आईला दिलेलं वचन मोडायचंच झालं तर मी मोडेन, असंही काहीतरी बोललो. त्यात धीर नव्हता, नुसता शब्दांचा डौल होता.

फोनऐवजी मला जमण्यासारखी एक गोष्ट होती. मला नकाशा वाचता येत होता. मी तो मोठा करून घेतला, पेटीपासून तात्पुरत्या क्रॉसिंगपर्यंतचं अंतर पट्टीने काढलं आणि रस्त्यावर जाऊन अलकाच्या पावलांत मोजलं. बावीस पावलं. काम सुरू व्हायला दहा दिवस होते. शाळेत पाढे घोकतात तशी आम्ही रोज दुपारी त्या वाटेची उजळणी करू लागलो. पेटीला हात लावायचा, बावीस मोजायचं, थांबायचं, पलीकडे जायचं. पहिल्या दिवशी ती चिडली. मला काय नर्सरीत घातलंय का, म्हणाली. चौथ्या दिवशी पंधरावर थांबली. आठव्या दिवशी मी काही न बोलता मागे राहिलो, तर ती ओठ हलवत गेली आणि बरोबर बाविसाव्या पावलाला थांबून वळली.

"पास का?" तिने विचारलं.

"डिस्टिंक्शन," मी म्हणालो.

नवं शिकणं अवघड जाईल असं सांगणाऱ्या नर्सला मी मनातल्या मनात हरवलं होतं. छापील कागदावर माझा फार विश्वास. आयुष्यभर मी त्याच्याच आडोशाने राहिलो आहे.

काम सोमवारी ठरल्या वेळी सुरू झालं. लाल-पांढरी कुंपणं आली, पिवळं यंत्र आलं, आणि तात्पुरतं क्रॉसिंग नकाशात होतं तिथेच आलं. पहिल्या दिवशी मी लांबून तिच्या मागे गेलो. मंगळवारी फाटकापर्यंत गेलो. बुधवारी घरात बसून पुस्तक वाचलं. ती सव्वाअकराला परत आली आणि तळ्यातल्या बदकांविषयी बोलली.

गुरुवारी सव्वाअकरा झाले. मग अकरा वीस. अकरा पंचवीसला मी घरातल्या सपातांवरच बाहेर पडलो.

रस्ता शांत होता, हे मला आधी जाणवलं. सोमवारपासून चाललेलं यंत्र बंद होतं. पेटीपाशी पोचलो तर क्रॉसिंग जागेवर नव्हतं. ते पार पुढे कोपऱ्यावर नेलेलं होतं, आणि जुन्या जागी कुंपणात लॉरी आत घेण्यापुरती फट ठेवली होती. त्या फटीतून आत, छातीभर खोल चराच्या काठावर अलका उभी होती. नारिंगी जॅकेटातल्या एका धिप्पाड माणसाने तिचं कोपर दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या एका पायात बूट नव्हता.

ती त्याला वॉर्डमधल्या आवाजात सांगत होती की मी डॉक्टर आहे, पेटीपासून मोजून बावीस पावलं आले आहे आणि क्रॉसिंग इथेच असायला हवं. ते कुणी हलवलं, त्याला माझ्यापुढे उभं करा.

"बाईंचं बरोबर आहे," तो माणूस मला म्हणाला. त्याचं नाव कीथ. "कालपर्यंत इथंच होतं. आज सकाळी खाली जुनी केबल लागली, म्हणून हलवलं." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "आणखी एक पाऊल टाकलं असतं ना, तर मी आत्ता अँब्युलन्सशी बोलत असतो."

तो चरात उतरला आणि बूट घेऊन आला. या खड्ड्यातून काहीही काढायचं तर आधी तीन सह्या लागतात, पण बुटाचं मी कुणाला सांगणार नाही, असं तो अलकाला म्हणाला. ती हसली. त्याने वाकून बूट तिच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना?" तिने त्याला स्वतःचं मनगट वळवून दाखवलं आणि काही मोडलेलं नाही असं निदान केलं.

तेवढ्यात डेनिसबाई यादी घेऊन धावत आल्या. त्यांनी आमच्या घराचा नंबर यादीत दोनदा शोधला. या यादीतल्या सगळ्यांना मी सकाळी फोन केला, म्हणाल्या, तुमचं घर यात नाही. असायला हवं होतं का?

मला तिथून सुटता आलं असतं. क्रॉसिंग हललेलं होतं, आणि कीथने स्वतः कबूल केलं होतं की बाईंचं बरोबर आहे. एवढंच म्हणायचं होतं की नाही, ठीक आहे, आम्ही जरा गोंधळलो. अलका माझ्याकडे बघत होती. पायात एकच बूट असल्याने ती किंचित तिरकी उभी होती. मी चराकडे पाहिलं. तळाशी पाणी साचलं होतं आणि त्यात लोखंडी नळीचं तुटकं तोंड वर आलेलं होतं.

"माझ्या पत्नीला डिमेन्शिया आहे," मी म्हणालो. "हे मी फॉर्मवर लिहायला हवं होतं. ही वाटही तिला मीच शिकवली."

डेनिसबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या अगदी भल्या बाई आहेत. त्या अलकाकडे वळल्या, आणि मग अर्ध्यातून माझ्याकडे.

"त्यांना थंडी वाजतेय का?" त्यांनी मला विचारलं. "त्यांना थोडं बसवू या का?"

कीथने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटलं. डॉक्टर म्हणून त्याने पुन्हा हाक मारली नाही.

अलकाने त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंत," ती मराठीत म्हणाली.

दुपारी ती घडलेली गोष्ट विसरली असावी, कारण बुटाला चिखल कसा लागला हे तिने दोनदा विचारलं. वरदाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही योग्य गोष्ट केला. मला तिचं मराठी सुधारावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी नऊला डेनिसबाईंचा फोन आला. क्रॉसिंग आज कोपऱ्यावरच आहे, केस कापायच्या दुकानासमोर पाटी आहे. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि अलकाला वाचून दाखवलं. तिने ऐकलं.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "फोन तुम्हाला आलाय."

साडेदहाला तिने कोट घेतला नाही. अकरालाही नाही. ती खिडकीशीही गेली नाही. यंत्राचा आवाज दिवसभर येत राहिला. शनिवार-रविवार काम बंद होतं तेव्हा मी म्हटलं, जाऊ या का पार्कमध्ये, मी येतो बरोबर. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या. नर्सचे शब्द मला आठवत होते. सवय किती दिवसांत मोडते हे मी विचारलं नव्हतं.

सोमवारी नऊला पाच कमी असताना फोन वाजला. डेनिसबाईंनी गुड मॉर्निंग म्हटलं आणि विचारलं, बायको कशी आहे, रात्री झोपली का. मी नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"डॉक्टर अलका इथेच आहेत," मी म्हणालो. "तुम्ही त्यांनाच सांगा."

मी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि समोर कागद-पेन्सिल ठेवली. तिने तो कानाला लावला. मग तिने मान हलवली. "सावकाश सांगा," ती म्हणाली. "पुन्हा सांगा." आणखी एकदा म्हणाली, "पुन्हा." ती लिहीत होती. बोलणं झाल्यावर तिने रिसीव्हर ठेवला, कागदाखाली वॉर्डच्या कागदांवर करायची तशी सही केली, आणि मला विचारलं, "कुणाचा फोन होता?"

मी कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर तीन ओळी होत्या. पहिली वाचता येत होती: पेटी सोडून कोपरा. दुसरीत एक आकडा होता, तो बावीस नव्हता. तिसरी मला लागली नाही.

साडेदहाला तिने कोट घातला. कागद खिशात ठेवला आणि निघाली. ती फाटकातून वळल्यावर मी बूट घालून मागे निघालो, वाटेत नंदाचं घर लागतं, नंदा दारात उभी होती. तिला काय कळलंय आणि काय नाही ते मला माहीत नाही. ती अलकाला काही म्हणाली आणि अलकाने तिला उत्तर दिलं. मला ते ऐकू आलं नाही.

पेटीपाशी अलका थांबली. तिने पेटीला हात लावला आणि सवयीने मोजायला सुरुवात केली. ओठ हललेले मला लांबूनही कळत होते. सात-आठ पावलं जाऊन ती पुन्हा थांबली, खिशातून कागद काढला आणि वाचू लागली. कुंपणाच्या आतून कीथ तिच्याकडे बघत होता, यंत्र थांबवू की नको अशा विचारात. तो मला विचारायला वळेल म्हणून मी एका झाडाआड झालो.

ती कागद वाचत उभी होती. मी हाक मारली नाही. ती मागे वळली असती तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नव्हतं.